तळघरातली बाद फेरी

सामने मी बघत नाही.
माझी पाळी दुपारी दोनला सुरू होते, तळघरात,
आणि तळघराला खिडकी नाही.
क्विटोच्या या हॉटेलात चार संघ उतरलेत, चार मजल्यांवर.
माझ्यापर्यंत येतात त्या टोपल्या:
पिवळी चिठ्ठी, निळी, पांढरी, लाल.

पहिले दहा दिवस चारही भरून यायच्या.
हरलं तरी पुढचा सामना असायचा,
गुणांची बेरीज चालू होती,
मोजे रातोरात वाळून हवे असायचे.

मग वजाबाकी सुरू झाली.

पहारेकरी सेगुंदो लिफ्टच्या फटीतून खाली ओरडतो,
"एक-शून्य!"
कुणाचं, ते सांगत नाही. त्याला वाटतं मला कळतं.
आणि कळतंच की.
जिंकलेल्यांची टोपली मध्यरात्री येते,
बोळे झालेली, कुणाचं केसांचं रबर, केळ्याची साल, सगळं त्यात.
हरलेल्यांची लवकर येते.
कपडे घडी घालून.
धुवायच्या कपड्यांची कुणी घडी घालतं का?

त्या रात्री लाल चिठ्ठी आली. पॅराग्वेच्या मुली.
एकशेवीस मिनिटं, वर पेनल्टी.
आमचं गाव ढगांच्या शेजारचं,
सखल मुलखातून आलेल्याला इथे जिनासुद्धा उसन्या श्वासावर चढावा लागतो.
त्या दोन तास धावल्या होत्या.
गुडघ्यांवर गवत, बाह्यांवर शेंबूड,
एका मोज्यात घोट्यापाशी रक्त वाळून कडक.
रक्ताला थंड पाणी. गवताला व्हिनेगर.
घामाला काही लागत नाही, तो आपला आपण जातो.

आणि तळाशी चौदा नंबर.
कोरी.
बगलेत वास नाही, कोपराला माती नाही,
इस्त्रीची रेघ होती तीही माझीच, आदल्या दिवशीची.
दिव्याखाली धरली, उलटी करून पाहिली,
वाटलं, चुकून आली.
तरी मशीनमध्ये टाकली. टोपलीत आलं ते धुवायचं.

दोनच्या सुमाराला ती स्वतःच आली,
अनवाणी, जिन्याने, धापा टाकत.
"चौदा नंबर वाळली का?"
मी म्हटलं, पोरी, ती मळलीच कुठे होती!
म्हटलं आणि जीभ चावली.

"एकशेएकोणिसाव्या मिनिटाला उतरवलं मला," ती म्हणाली,
"पेनल्टीपुरतं. सरावात माझी एकही चुकत नाही."
नाव रुमिल्दा. ड्रायरच्या ऊबदार झाकणावर बसली,
मी दिलेला पानाफुलांचा लाल काढा फुंकत राहिली, प्यायली नाही.
मग हळूच,
"थोडा चिखल लावता येईल हिला?
आई भिंतीवर टांगणार आहे."

बावीस वर्षं डाग काढते आहे मी.
लावायला कुणी सांगितलं नव्हतं.
मागच्या अंगणात जिरेनियमच्या कुंड्या आहेत, माती ओली होती,
चार पावलं फक्त.
मी नाही म्हटलं.
का, ते अजून नीट सांगता येत नाही मला.
जर्सीची घडी घालून दिली, ती "ग्रासियास" म्हणाली, गेली.

सकाळी बस निघाली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबेना.
उरलेले कपडे निवडताना हाताशी चौदा नंबरची शॉर्ट्स आली,
मागे राहिलेली.
बसायच्या जागी निळे पट्टे, दोन,
राखीव खेळाडूंच्या बाकाचा ताजा रंग.
एकशेअठरा मिनिटं
त्या थंडीत, मांड्यांखाली हात दाबून,
कुणीतरी हाक मारेल म्हणून.

व्हिनेगर लावलं. लिंबू लावलं. थिनरची बाटली उघडली
आणि तशीच बंद केली.

सेगुंदो वरून ओरडत होता, "दोन-एक!"
पिवळी टोपली येणार होती, मध्यरात्रीची.
मी पत्ता विचारायला वर गेले.