काड्यांची वही

मेरिम चार वर्षांची असताना
पिठाच्या पोत्यावरची अक्षरं वाचून मोकळी झाली.
मी भट्टीत रोटी थापत होते,
हात तसाच राहिला, केस जळाले मनगटावरचे.
तेव्हापासून घरात प्रश्नांना उंबरठा नाही.
नारीन नदी गोठते तेव्हा तिचा आवाज कुठे ठेवतात?
शून्याचा वाढदिवस कधी?
मी म्हणते, झोप गं. मला तीनला उठून मळायचंय.

सप्टेंबरची पहिली तारीख.
डोक्याहून मोठी पांढरी फीत, अंगणात घंटा.
दुपारी वही उघडली तर
पानभर उभ्या काड्या.
मागच्या पानावरही काड्याच.
"काय शिकलीस?"
"थांबायला."

पोटात गोळा आला.
एवढं उधळतं पोर
काड्यांच्या कुंपणात—

रात्री दात घासता घासता, तोंडात फेस,
"अनारा बाईंचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."
सांगितलंस त्यांना?
"नाही. किल्लीचं आहे, त्यांच्या आईचं.
मधूनच कानाशी धरतात."

हे कुठल्या पोत्यावर लिहिलं होतं?
पहाटे मी
दोन-तीन उलटून पाहिली.