बिंदू क्रमांक तेरा

सकाळी सव्वासहा. सालईच्या बुंध्याशी
रुबाब तडवी मोबाइल उंच धरतो
आणि पिंगळ्याला पिंगळ्याच्याच आवाजात
हाक मारतो.
मग तीन मिनिटं गप्प उभं राहायचं.
नियमावलीत तसं छापलंय.

रानपिंगळा. शंभरावर वर्षं कागदावर मेलेला,
मग याच सातपुड्यात बाहेरच्या कुणाला दिसला
आणि जिवंत झाला.
रुबाब म्हणतो, मॅडम, माझ्या बापाला
तो भरदिवसा दिसायचा, मान गरागरा फिरवायचा.
बाप कुठे सांगणार होता? आणि कुणाला?

तिसऱ्या मिनिटाला, दरीपलीकडून, उत्तर.
मी रकाना भरते : आवाज, एक. पुरावा, पुरेसा.

दुपारी टणटणी.
योजनेचं दुसरं पान : परकी, आक्रमक, मुळासकट.
उपटायची आणि उलटी ठेवायची, मुळं आभाळाकडे,
म्हणजे मातीला पुन्हा शिवत नाही.
हमिदाबीच्या कोपरापर्यंत ओरखडे.
ती झुडपालाच दरडावते, "कथाईन उनी तू?"
झुडूप काय सांगणार.
बुलबुल तेवढे काळी फळं खाऊन
पलीकडच्या नाल्यात तिचं बी पेरून येतात
विनामोबदला.

एका जाळीखाली लाव्याचं घरटं निघालं.
अंडी पाच, अजून कोमट.
दुसऱ्या पानावर अंड्यांना रकाना नाही.
मी लिहिलं : खडकाळ जागा, काढणे शक्य नाही.
खडक नव्हता तिथे. हमिदाबीनं पाहिलं
आणि कोयता दुसऱ्या झुडपाकडे वळवला.

चहाच्या वेळी रुबाबनं खिशातून कागद काढला,
घडीवर फाटत आलेला.
वनहक्काचा दावा, तिसऱ्यांदा परत.
वास्तव्याचा पुरावा अपुरा.
अंजनाखाली बापाची कबर आहे त्याच्या,
दगड आहे, दगडावर अक्षर नाही.
त्यानं विचारलं, मॅडम, पाखराला
नुसत्या आवाजावर चालतं का?

चहा निवला. साय धरली त्यावर.
मी म्हटलं, ते खातं वेगळं.

परतताना बिंदू तेरापाशी तो थांबला.
मोबाइलची बॅटरी संपलेली.
दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाशी नेली
आणि घशातून काढला तो आवाज,
बापाकडून आलेला.

दरीतून लगेच उत्तर आलं. एक. मग दुसरं, अगदी जवळून.

साडेसहा वाजून गेले होते.
वेळेबाहेरची हाक
मोजता येत नाही.