केशो

रस्त्याकडची खोली मी पेशंटांना देते.
परळला अशी गिऱ्हाइकं कमी नाहीत.
यंदा झांझिबारची झुहुरा आली, बरोबर तिचा मकामे,
सहा वर्षांचा, भर एप्रिलात लोकरीची टोपी.

मधली भिंत प्लायवूडची.
पहिल्या रात्री वाटलं, पलीकडे कुणी
डब्यात रिठे हलवतंय:
म्ब, न्द, न्ग,
आणि प्रत्येक शब्दाचं दार शेवटी उघडंच.

कान मोठा आगाऊ.
परक्या लग्नात आपल्या गावचं कुणी शोधत फिरावं
तसा फिरतो.
दवा कळलं. चाय कळलं. बाबा म्हणजे बाबाच.
पण पोर मामा, मामा करून रडलं,
तर मी जिन्यात मामा आलाय का बघून आले.
मामा म्हणजे आई, हे चौथ्या दिवशी समजलं.
माझं सुजलेलं पाऊल बघून झुहुरा म्हणाली, पोले, पोले.
म्हटलं, पोळी नाही ग बाई, आज भातच आहे.

सगळ्यात जास्त यायचं ते केशोचं नाव.
सुया टोचून आणलं की पोर विचारायचं काहीतरी,
त्यात बहारी, बहारी,
(बाहेर जायचं असेल, दुसरं काय)
आणि ती सांगायची, केशो.

मी धरूनच चालले: तिचा भाऊ, नाहीतर दीर.
आमच्या देवरुखातही होता एक केशो,
गणपतीला येतो म्हणायचा दर साली.
दोन रविवार मी मूठभर तांदूळ जास्त टाकला.

इस्पितळाचा दुभाषा सही घ्यायला आला तेव्हा विचारलं,
यांचा केशो कधी येणार हो?
तो हसला नाही.
केशो म्हणजे उद्या, म्हणाला.
आणि बहारी म्हणजे दर्या.

दुपारी मकामे फरशीवर बाटल्यांची झाकणं मांडून बसलेला.
एक लाल झाकण बाकीच्यांवर खेकसत होतं:
"टाळ्ळ नाय! काळ्ळ हाय! ठे ठे ठेव! ळळळ!"
कोण ही कजाग बाई?
मग ओळखलं. गॅसवाल्याला फोन करणारी मी.

इतकी खडबडीत बोलते मी?
खोवणीवर नारळ फिरवल्यासारखी?
ह्याच आवाजात दोन मुली झोपवल्या,
ह्याच आवाजात ह्यांना शेवटचं पाणी विचारलं.
एकदाही ऐकू आला नव्हता.

त्यानं मला पाहिलं, लाल झाकण मुठीत लपवलं.

त्यांच्यात आजला काय म्हणतात
ते दुभाष्याला विचारायचं राहूनच गेलं होतं.
शिवाजी पार्कची चौपाटी टॅक्सीनं वीस मिनिटं.
मी चपला घातल्या आणि म्हटलं, बहारी.

मकामेनं आधी माझा ह दुरुस्त केला,
मग टोपी शोधली.