चार बोटं खाली

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं,
मग नडगीच्या हाडाबाहेर एक.
तिथं दाबायचं, नर्स बांग म्हणाली,
रोज दोनदा, तीन-तीन मिनिटं.
कुणाची चार बोटं? मी विचारलं.
तुमचीच, आजी.
ज्याचं माप त्याच्याच हाताला.

माझ्या हाताला!
एकतीस हिवाळे तोंगयोंगच्या शेडमध्ये
उभ्यानं कालवं फोडली, किलोमागे पैसे.
शिंपल्याच्या सांध्यात सुरी शिरायची जागा
केसाएवढी असते.
ती मला बोलता बोलता सापडायची,
मालसूनशी भांडता भांडतासुद्धा.

बारा वेळा थेंब थेंब औषध चढलं.
आतड्यातली गाठ गेली
आणि जाताना बोटांची टोकं घेऊन गेली.
आता फ्रिजची कडी धरली की
कोपरापर्यंत वीज.
मोजे घातलेत की नाहीत
ते वाकून बघावं लागतं.
मुंग्या येतात का, डॉक्टर विचारतात.
मुंग्या येतात त्या जातातही, साहेब.
या बिऱ्हाड घेऊन आल्यात.

मालसूनला कागद दाखवला, ठिपके काढलेला.
म्हणाली, दाबून बरं होत असतं
तर किमचीला मीठ चोळणाऱ्या बायका
मेल्याच नसत्या कधी.
हसलो दोघी.
मग तिनं तो कागद दोनदा वाचला,
घडी घालून माझ्या खिशात ठेवला,
आणि खिशाचं बटणही लावलं
मला न विचारता.

अंगठ्यात जोर राहत नाही.
म्हणून जुनी सुरी काढली,
पात्याला चिकटपट्टी गुंडाळली,
आणि मुठीनंच दाबते.
लाकडी मूठ,
माझ्याच पंजानं झिजून झिजून
मधे खोलगट झालेली.
तळव्यातल्या जागेला म्हणे उसळता झरा म्हणतात.
ज्यानं नाव ठेवलं
त्याचे पाय धडधाकट असणार.

घड्याळ बघत नाही.
पन्नास कालवं म्हणजे तीन मिनिटं,
हे हात विसरले तरी डोकं विसरलेलं नाही.
एक, दोन, हे फुटकं, हे रिकामं, तीन.

सात आठवडे झाले.
तक्त्यावर शून्य ते दहा असतं, मी सहा लिहिते,
परवाही सहा.
बांगला वाईट वाटतं, मला दिसतं ते,
पण सहाला पाच लिहून
कुणाचं भलं होणार?

आज पहाटे मात्र,
फरशीची ऊब ढुंगणाखाली,
बाहेर बोटीची इंजिनं खोकताहेत,
मूठ तळव्यात रुतली
आणि दुखलं.
रोजचं ते पायभर पसरलेलं
भिजल्या वाळूसारखं नव्हे.
इथं.
एवढ्याशा जागी.
केसाएवढ्या.

चांगहो जागा झालाय.
अंधारातून विचारतो, काय झालं, दिवा लावू?

थांब जरा,
अजून एकवीस कालवं उरलीत.