पंखा थांबेपर्यंत

हेक्समच्या अलीकडे, टाइन नदीच्या वळणावर
शवपेट्या बनवणारी एक पत्र्याची शेड आहे.
तिथला नवा हीटर चालू करून द्यायला गेलो,
थर्लवेल आणि मी, त्याची शिकाऊ.
आत पाच अंश. सरसाचे डबे पाठीला पाठ लावून
गोठलेले.

मालकीण मिसेस ऑर्ड, दोन स्वेटरांवर एप्रन.
म्हणाल्या, सासरे वीस वर्षं एकच सांगायचे:
आपल्या गिऱ्हाइकांना थंडी वाजत नाही.

थर्लवेलला घाई ठाऊक नाही.
आधी प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी,
आणि मग नुसतं बघत राहणं.
बुडबुडा आला नाही. तो वहीत लिहितो:
काही नाही. नऊ चाळीस.

नळीतल्या पाण्याने गॅसचा दाब सांगितला,
वीस मिलिबार,
वाढदिवसाच्या मेणबत्तीवर पोराने मारावी
तेवढी फुंकर.
एवढ्यावर अख्खी शेड तापणार.

बटण दाबलं.
तीस सेकंद यंत्र नुसती हवा ढकलतं,
आधीचं काही आत उरलं असेल तर निघून जावं म्हणून.
मग टकटक, टकटक, ठिणगी.
काचेच्या भोकातून मी पाहिली,
निळी, सरळ उभी.
आणि गेली.
लाल दिवा.

पुन्हा तेच. ठिणगी, निळं, लाल.
तिसऱ्यांदा बोट पुढे केलं तर त्याने मनगट धरलं.
दोनदा विचारून झालं बटणाला.
आता कारणाला विचार.

पण ज्योत होती, मी म्हणाले. मी पाहिली.
तू पाहिलीस गं. त्याने नाही पाहिली.
त्याला डोळे नसतात. ज्योतीत एक दांडी बुडवलेली असते,
आगीच्या अंगातून वीज जाते, केसाहून बारीक,
एकाच दिशेने. ती पोचली की त्याला कळतं, पेटलंय.
नाही पोचली तर तोंडासमोर जळत असलं तरी
त्याच्या लेखी अंधारच.

पलीकडे केस्टरचा रंधा थांबला होता.
आमच्या घरी असंच आहे, तो म्हणाला,
आणि परत रंधू लागला.

कारण भिंतीवरच्या डब्यात निघालं.
तपकिरी वायर निळीच्या जागी, निळी तपकिरीच्या.
कुणीतरी नाताळच्या आदल्या दिवशी
एक डोळा घड्याळावर ठेवून जोडलेल्या.
मेन बंद करून कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात.
सात मिनिटांचं काम.

या वेळी ज्योत टिकली.
मोठा पंखा मात्र लगेच फिरला नाही,
पत्रा तापेपर्यंत थांबला,
गार वारा अंगावर सोडणं त्याच्या नियमात नाही.
मग आला, नव्या लोखंडाच्या तेलाचा वास घेऊन.
मिसेस ऑर्ड दचकल्या. पहिल्या दिवशीच, मी सांगितलं,
जणू असे शंभर लावलेत.
जमिनीवरची रंध्याची सालपटं
एकेक करून कूस बदलू लागली.

धुराड्याचे आकडे मी घेतले, त्याने दोनदा तपासले.
मग सही करण्याआधी त्याने त्यांना जवळ बोलावलं.
घरी जाताना भिंतीवरून बंद करायचा नाही.
इथे, ही चकती खाली फिरवा.
आग लगेच जाईल, पंखा जाणार नाही.
आतली सगळी ऊब बाहेर टाकल्याशिवाय तो थांबत नाही.
मध्येच वीज तोडलीत तर ती आत अडकते,
आणि पत्रा तडकतो.

किती वेळ?
तीन मिनिटं, चार. त्याचं तो ठरवतो.

त्यांनी चकती फिरवली. निळं विझलं.
आम्ही चौघं मान वर करून उभे,
केस्टर रंधा काखेत धरून.
त्या आवाजात मिसेस ऑर्ड कुणाला उद्देशून नाही असं बोलल्या,
मार्चमध्ये सासऱ्यांच्याच पेटीचा सरस धरेना.
रात्रभर आम्ही दोघी जावा
हेअर ड्रायर घेऊन बसलो होतो.

कुणी हसलं नाही. मग केस्टर हसला, मग त्याही.
पंखा अजून फिरत होता.

थांबला तेव्हा थर्लवेलने वेळ लिहिली.