पाणलोट

यादीत पाच ठिकाणं होती, हातात एक दिवस.
लहानू बदादे म्हणाला, बसा जरा.
अंजनेरीच्या पठारावर त्यानं
काठीनं गवत बाजूला केलं:
कंदीलपुष्प. करंगळीएवढं.
"फोटो काढा, पण गुडघा जपून टेका."

कड्याखाली गिधाड तरंगत होतं.
गिधाडाची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली.

मग ब्रह्मगिरीकडं हात करून:
"तिकडल्या अंगाला पडलं तर वैतरणा, लगेच समुद्र.
इकडं पडलं तर गोदावरी,
पार दुसऱ्या समुद्रापर्यंत पायपीट."

बाटलीतलं उरलेलं पाणी मी कातळावर ओतलं.
थबकलं,
आणि कातळानंच पिऊन टाकलं.
लहानू हसला, "ह्याला कुठंच जायचं नाही."

हरिहरच्या पायऱ्या, दुगारवाडी
राहिलंच.