केली की आणली

सव्वासातला उद्यमनगरातून सुटते मी.
कास्टिंगची चलनं, अडकलेली बिलं
डोळ्यांत रेतीसारखी किरकिरत असतात अजून,
आणि राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या कोपऱ्यावर,
चौगुल्यांच्या पोळीभाजी केंद्रापाशी
गाडी आपोआप हळू होते.
चार शाळूच्या भाकरी, एक पिठलं.
शनिवारी अख्खा मसूर.
हँडलला अडकवलेल्या पिशवीतून
भाकरीची वाफ उजव्या गुडघ्याला लागते.
दुखरा आहे तो. त्याला बरं वाटतं.

नऊला कागलहून आईचा फोन.
"काय केलंस गं?"
"भाकरी केली," म्हणते मी.
खोटं असतं ते क्रियापदात,
भाकरी खरीच असते.

हिशेब मांडलाय मी, हिशेब माझा धंदाच:
मळणं, थापणं, भाजणं, ओटा पुसणं,
पन्नास मिनिटं, गुणिले महिन्याचे सव्वीस दिवस.
त्यातले थोडे ईश्वरीच्या अपूर्णांकांना दिले.
बाकीचे कुठल्या खात्यात गेले
ते अजून सापडत नाही.

आणि घरचं म्हणजे तरी काय?
मे महिन्यात मिरच्या मीच भाजल्या, मान्य,
अख्खी गल्ली शिंकली.
पण चटणी कुटली डंकावाल्यानं,
पीठ गिरणीचं, दही दूधसंघाचं,
तव्याखालचा जाळसुद्धा
नंबर लावून आणलेला.

तर, भाकरी.
प्रत्येकीच्या कडेला एक खोलगट खूण असायची,
अंगठ्याएवढी,
तव्यावर टाकताना उमटलेली.
ईश्वरी पहिला घास तिथूनच मोडायची.
दोन वर्षं आम्ही ती खूण खाल्ली
आणि अंगठा कुणाचा, विचारलं नाही.

परवा खूण नव्हती.
गोल, एकसारख्या, कडेला चीरसुद्धा नाही.
"मशीन घेतलं काय वो?"
चौगुले म्हणाले, "छ्या! बायाक्काचा हात भाजलाय,
पंधरा दिस याची न्हाई.
नवी पोरगी लावलीया. का, बरी न्हाई?"
बरी होती.
तेच तर.

घरी येऊन मी परात काढली.
संक्रांतीपासून डब्यात पडलेलं पीठ,
त्याची विरी केव्हाच गेलेली.
उकळतं पाणी घातलं, तळहात लाल केला,
तरी थापताना फाटतच राहिलं.
एकीची कड पन्हाळ्याच्या तटासारखी ढासळली,
दुसरी उलथताना दोन झाली.
रणधीरनं काही न बोलता
गॅलरीचं दार उघडून दिलं, धुरासाठी.
ईश्वरीनं भाकरी ताटात गोल गोल फिरवली.
"हिची खूण कुठंय?"
मी म्हटलं, सगळी खूणच आहे, खा.
खाल्ली तिनं,
चटणी-तेलाशी, अर्धी.

नऊला फोन.
"काय केलंस गं?"
त्या फाटक्या भाकरीला
केली म्हणवेना माझ्याच्यानं.
"आणली आज," म्हटलं.
आई थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, "बरं केलंस."

रात्री परात घासताना
बोटांच्या पेरांत पीठ वाळलेलं, निघता निघेना.
बायाक्काकडं ह्या पंधरवड्यात
भाकरी कोण करतं,
की कुणी आणतं तिच्यासाठी,
आणली तर कुठून?
उद्या विचारायचं चौगुल्यांना,
पैसे देण्याआधी.